खुशबूचं टायमिंग

भारताच्या संघात माझी निवड झाली तेव्हा पेपरात छापून आलं, की आंबागडची हर्षा किल्ल्याच्या वाटेवर वर्षानुवर्षं एकटी धावत होती. त्या एवढ्याशा बातमीत जिद्द हा शब्द तीनदा होता. पेपरवाल्यांना जिद्द फार आवडते, वापरोत बिचारे. पण ‘एकटी’ हे साफ खोटं होतं. आंबागडात मुलगी एकटी धावूच शकत नाही. गावाला लागून डोंगर, डोंगरावर किल्ला, भोवती जंगल. त्यात रानडुक्कर, अस्वल, कधीमधी वाघ. आणि समजा जनावरं नसती, तरी माणसांची तोंडं होतीच. मी सातवीत असताना आईनं एकदाच सांगितलं होतं, “पळाचं तं पळ. पण सोबत पायजे. एकटी दिसली तं तंगडं मोडून घरी बसवीन.”

ती सोबत म्हणजे खुशबू. आमच्या मागच्या घरातली, डोमाकाकांची मुलगी, माझ्याच वर्गातली. शाळेतल्या शर्यतीत मी पहिली आले आणि पीटीच्या सेवकराम सरांनी मला हाताशी धरलं. खुशबू त्या शर्यतीत नव्हतीच, त्या दिवशी ती घरी भाऊ सांभाळत होती. मला सोबत लागणार म्हटल्यावर आई डोमाकाकांकडे गेली, काकांनी हो म्हटलं, आणि दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघी धावायला लागलो.

आमच्याकडे जंगलात जायची एक रीत आहे. ज्याचं काम असतं तो पुढे चालतो आणि सोबतीला आलेला मागे. मोह वेचायला जा, तेंदूपत्त्याला जा, सरपणाला जा, सोबतीण मागेच राहते, मागचं राखते, मधून मधून वळून बघते. हे कोणी कोणाला शिकवत नाही, चालायला लागलं की आपोआप येतं. त्यामुळे मी पुढे आणि खुशबू मागे, हे आम्हाला कधी ठरवावं लागलं नाही. आठ वर्षं मी तिच्या पावलांचा आवाज पाठीमागे ऐकत धावले. तो आवाज असला की मला रस्ता कितीही लांब चालायचा.

आणि ती बोलायची. देवा, किती बोलायची! किल्ल्याच्या चढावर माझ्या तोंडून नुसतं ‘हूं’ निघायचं, आणि ही मागून काल रात्रीची मालिका सांगत असायची. कोणी कोणाच्या थोबाडीत मारली, मग ती काय म्हणाली, मग जाहिरात लागली, जाहिरातीनंतर काय झालं. मी चिडायचे. “खुशबू, चूप बस वो, मले धाप लागून राहिली.” ती म्हणायची, “तू पळ ना. मी कायले अडवून राहिली तुले?”

तलावाच्या पाळीवर सेवकराम सर हातात घड्याळ घेऊन उभे असायचे. मी पोचले की बटण दाबायचे आणि वहीत माझं टायमिंग लिहायचे. खुशबू हातपंपावर जाऊन तोंड धुवायची. माझ्या पायात सरांनी मिळवून दिलेले बूट असायचे आणि तिच्या पायात माझे जुने.

मागच्या वर्षी उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. मुलगा पवनी तालुक्यातल्या कोंढ्याचा, प्रवीण नाव, वरठीला कारखान्यात कामाला. तो तिकडेच खोली करून राहतो, सुटीला घरी येतो. खुशबू कोंढ्याला सासूजवळ. लग्नात सगळ्या बायका रडल्या. मी रडले नाही, मी चिडले होते. आता मी कोणासोबत पळू, एवढंच माझ्या डोक्यात होतं, आणि ते मी तिला हळदीच्या दिवशी तोंडावर बोलूनही दाखवलं. ती हसली फक्त.

मग मी भंडाऱ्याला राहायला गेले, मैदानावर सराव सुरू केला, शिबिरं झाली, निवड झाली. सुरुवातीला खुशबूचा रोज फोन यायचा. मग भांड्यांच्या आवाजात “हं, बोल लवकर” असा यायचा. मग मीच करायचे, आणि तिकडून “सासू बलावून राहिली, ठेवतो” ऐकून ठेवायचे.

शर्यत कझाकस्तानात होती. आशिया खंडातल्या देशांची क्रॉस कंट्री. डांबरी रस्ता नाही, ट्रॅक नाही; शहराबाहेर उंचसखल माळ, त्यावर दोऱ्या बांधून आखलेली वाट, मध्येच गवताचे भारे आडवे टाकलेले, ते ओलांडून जायचं. थंडी अशी की नाकातलं पाणी पुसायलाही हात खिशातून काढवत नव्हता. आम्ही सहा मुली होतो. हरियाणाच्या तिघी एकमेकींच्या खोलीत जाऊन हसायच्या. माझ्या खोलीतली हिमाचलची मुलगी पांघरुणात शिरून तासन्‌तास फोनवर बोलायची. मला कोणी वाईट वागवलं नाही. माझा स्वभावही काही गोडाचा शिरा नाही, मी आपण होऊन कोणाकडे गेले नाही. चार दिवसांत माझ्याशी झालेलं सर्वांत मोठं बोलणं म्हणजे जेवणाच्या रांगेतल्या बाईनं मला हातवाऱ्यांनी विचारलं, की अजून बटाटे देऊ का. मी दोनदा हो म्हटलं, नुसतं तिनं पुन्हा विचारावं म्हणून.

मी आयुष्यात इतकी एकटी कधी नव्हते. घरी फोन केला की आई विचारायची, जेवली का, थंडी हाय का. मी म्हणायचे, हाव, हाव. खुशबूला फोन लावला, तो लागला नाही.

शर्यत सुटली तेव्हा एवढ्या मुली एकदम धावल्या की पहिल्या वळणापर्यंत नुसती कोपरांची मारामारी. मग रांग लांबत गेली. जमीन वरून गोठलेली आणि खालून मऊ होती. धानाच्या बांधीतल्या चिखलात वाढलेल्या मुलीला चिखलाचं काय वाटणार, पण हा चिखल थंड होता आणि बुटाला धरून ठेवत होता. मी सरांनी सांगितलं होतं तसं केलं: एक मुलगी निवडली आणि तिच्या मागे लागले. लांब वेणीची, कोणत्या देशाची ते कळलं नाही. तिच्या खांद्यामागे अर्धं पाऊल ठेवून मी एक फेरी धावले, मग दुसरी.

मी आयुष्यात कधी कोणाच्या मागे इतका वेळ धावले नव्हते. गावात मी पुढे, तालुक्याला पुढे, जिल्ह्याला पुढे. राज्याच्या शर्यतीत कोणी पुढे गेलं तर गेलं, दूर गेलं. इतक्या जवळून मागे राहणं मला माहीतच नव्हतं. मागून सगळं दिसतं. पुढची कधी दमली ते तिला कळायच्या आधी मागच्या मुलीला कळतं. वेणीवालीचा डावा खांदा खाली आला, हात छातीवरून आडवे जायला लागले, श्वास लोहाराच्या भात्यासारखा व्हायला लागला. आणि मी? मला बरं वाटत होतं. चढ सुरू होता आणि माझा श्वास शांत होता. मनात आलं, हिची भाषा येत असती तर मी आत्ता हिच्याशी बोलले असते.

आणि मला कळलं.

चढावर जी बोलते तिच्यात दम शिल्लक असतो. जिला नुसतं ‘हूं’ म्हणता येतं तिच्यात नसतो. आठ वर्षं, रोज सकाळी, किल्ल्याच्या चढावर खुशबू माझ्या मागून मालिका सांगत होती. माझ्या जुन्या, तळ झिजलेल्या बुटांमध्ये.

मी वेणीवालीला मागे टाकलं. आणखी काही जणींना टाकलं. रागानं टाकलं म्हणा. शेवटच्या फेरीत मी रडत होते आणि धावत होते. ते कोणी पाहिलं नाही, कारण कॅमेरा पुढच्या मुलींजवळ असतो. मी बत्तिसावी आले. आपल्या संघात तिसरी. प्रशिक्षकांनी पाठीवर थाप मारली, चांगली धावलीस म्हणाले. मी विचारलं, सर, फोन लावता येईल का? ते म्हणाले, आधी स्वेटर घाल.

विमानात मी पूर्ण रस्ताभर खुशबूशी बोलत होते, मनातल्या मनात. किती मोठं मन तुझं. माझ्यासाठी तू मागे राहिलीस. मी तुला हे म्हणेन, तू ते म्हणशील, मग आपण दोघी रडू. असं सगळं मी बसल्या बसल्या रचून टाकलं, आणि शेजारच्या माणसानं मला टिशू पेपर दिला.

गावात माझा मोठा फ्लेक्स लागला होता. त्यावर मी कमी आणि सरपंच जास्त. विहारासमोर सत्कार झाला, शाल मिळाली, नारळ मिळाला. बत्तिसावी म्हणजे काय हे कोणी विचारलं नाही, परदेशात जाऊन आली एवढं पुरलं. सगळे जेवायला गेल्यावर मी सेवकराम सरांना गाठलं.

“सर, तुमी खुशबूचं टायमिंग कधी घेतलं होतं का?”

“खुशबूचं?” सरांना आधी ती आठवेचना. “डोमाची पोरगी? तिचं कायले घेईन वो? ते तं तुह्या सोबतीले होती.”

“माझ्यासोबतच पोचत होती ना सर ती. रोज.”

“मंग? सोबत म्हटल्यावर सोबतच येईल ना.” सर हसले आणि द्रोण घेऊन पानावर बसले. सर वाईट नाहीत. त्यांनी माझ्यासाठी जे केलं ते माझ्या बापानंही केलं नसतं. पण ते तसे हसले तेव्हा मला त्यांच्या हातातला द्रोण हिसकून फेकावासा वाटला.

रात्री आईला सांगितलं तर ती म्हणाली, “सोबतीण कधी पुढं जाते का? येडी हायेस का?”

शिबिराला परत जायला चार दिवस होते. दुसऱ्या दिवशी मी तुमसरला जाऊन भंडाऱ्याची एसटी धरली आणि तिथून कोंढा. आईला सांगितलं, मैत्रिणीला पेढे द्यायला जाते.

खुशबूची सासू रत्नाबाई ओसरीवर तांदूळ निवडत होती. चांगली बाई, हसून बोलली, पाणी दिलं, पेढा खाल्ला, परदेशात भात मिळतो का विचारलं. खुशबू आतून आली. अंगानं भरली होती. तिनं मला पाहिलं आणि तोंडभर हसली, आणि मला विमानातलं सगळं भाषण आठवलं. संध्याकाळी ती परसात भांडी घासायला बसली तेव्हा मी शेजारी बसले आणि सांगून टाकलं. वेणीवाली, चढ, श्वास, सगळं. शेवटी म्हणाले, “तू माझ्यापेक्षा जोरात पळत होतीस. तुले माहीत होतं?”

“नववीपासून,” ती म्हणाली. राखेचा हात थांबला नाही.

“मग सांगितलं काहून नाही? माझ्यासाठी कायले मागं राहिलीस एवढी वर्षं?” रडायची तयारी झालीच होती.

तिनं भाताचा गंज खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. “तुह्यासाठी? तू काय समजतेस वो सोताले?”

ती बोलतच राहिली.

“मी पुढं गेली असती तं सरानं माह्यं नाव घेतलं असतं. मंग तालुक्याले जा, जिल्ह्याले जा. बाबानं त्याच दिवशी बंद केलं असतं. माह्या बाबाले तू वळखत नाही का? सोबतीले जातो म्हणून सोडत होते मले. हर्षाले सोबत पायजे, जा. काम नाही सांगितलं, पोट्टं सांभाळाले नाही लावलं. रोज सकाळी उठून पळाले भेटे.” तिनं पुन्हा गंज उचलला. “तुह्यासाठी नाही केलं बाई. माह्यासाठी केलं. तू होतीस म्हणून जमलं.”

मला वाईट वाटलं. फुलवून सांगत नाही, फार वाईट वाटलं. आठ वर्षं ती माझी सोबत आहे असं मी समजत होते, आणि मी तिचं निमित्त होते. तिनं कपट केलं नव्हतं, मला फसवलं नव्हतं. मीच विचारलं नव्हतं कधी, तुला पळायला आवडतं का म्हणून. पण त्या वेळी एवढा शहाणा विचार आला नाही. त्या वेळी मला राग आला, आणि विमानात वाया गेलेल्या अश्रूंचा सगळ्यात जास्त आला. मी फणकाऱ्यानं विचारलं, “आणि आता? आता पळतेस का?”

“कोणासोबत?” ती म्हणाली.

एवढंच. तिच्या आवाजात तक्रारही नव्हती. ती एकेक भांडं धुऊन उपडं ठेवत होती. मी उठले, तशीच ओसरीवर गेले. माझा राग असा आहे, की कुठे काढावा ते कळलं नाही की मी काहीतरी काम करून टाकते.

“मावशी,” मी म्हणाले, “मले रोज सकाळी सरावाले पळा लागते. नाही पळाले तं शिबिरात सर रागावतील. इथं नवीन जागा, एकटी कशी जाऊ?”

रत्नाबाईंनी सूप बाजूला ठेवलं. “एकटी नोको जाऊ बापा. कुत्रे हायेत तलावाकडं, दारूवाले रायतेत. खुशबू येईन ना सोबतीले. ये वो खुशबू, पावणीसोबत सकाळी जाजो.”

आतून खुशबू म्हणाली, “येतो जी.” इतक्या साध्या आवाजात म्हणाली, की असं सोबतीच्या निमित्तानं निघायची तिला किती सवय होती, ते माझ्या लक्षात आलं.

सकाळी तिनं पेटीच्या तळातून सलवार-कुडता काढला. मी माझे जास्तीचे बूट दिले. गाव संपलं आणि तलावाच्या कडेनं शेतांकडे जाणारी पांदण लागली. धुकं नव्हतं, उन्हाळी धान हिरवं उभं होतं, पलीकडे कोणाची तरी मोटर सुरू होती. मी धावायला लागले आणि मागे तिची पावलं आली. वर्षभरानं तो आवाज ऐकला आणि सगळा राग विसरून मला इतकं बरं वाटलं की असंच पुढे जात राहावं. पण मी थांबले.

“पुढं हो,” मी म्हणाले.

“कायले?”

“मले बघाचं हाय.”

ती माझ्या बाजूनं पुढे गेली आणि सुटली. मी मागून पाहत राहिले. पाऊल जमिनीला लागतंय की नाही अशी ती धावत होती. खांदे सैल, मान सरळ. असं धावायला मला शिबिरात वर्षभर शिकवत होते आणि मला अजून जमत नव्हतं. मी पूर्ण जोर लावला आणि अंतर कमी झालं नाही. आंब्याच्या झाडापर्यंत नाही, पुलापर्यंत नाही.

पुलापुढे मात्र तिचा श्वास मला ऐकू आला. फाटका. एक वर्ष चुलीपाशी बसलेल्या छातीचा. मी झपाट्यानं जवळ पोचले, अर्ध्या पावलावर. डावा खांदा खाली आला. हात आडवे झाले. मी आता तिच्याशी बोलू शकले असते. मी पुढे जाऊ शकले असते, आणि गेले नाही. तिनं आणखी थोडं ओढलं, मग थांबली आणि गुडघ्यांवर हात ठेवून ओकाऱ्या काढायला लागली.

मी तिची पाठ चोळली. आम्ही पाळीच्या उतारावर बसलो. दोन वर्षांपूर्वी कोणीतरी एकदा बटण दाबलं असतं तर त्या थंड माळावर ही माझ्या कितीतरी पुढे असती, कॅमेरा असतो तिथे. आता ते कोणालाच सिद्ध करता येणार नव्हतं, तिला नाही आणि मलाही नाही. मला हे सगळं तिला सांगायचं होतं. ती तोंड पुसत होती.

“कधी जातेस?” तिनं विचारलं.

“उद्या दुपारच्या गाडीनं. शिबिर हाय.”

तिचा श्वास अजून बसलाही नव्हता. तिनं बुटाची नाडी सोडली, घट्ट बांधली, उठली आणि पांदणीनं पुढे धावायला लागली. माझ्यासाठी थांबली नाही, वळूनही बघितलं नाही. आजची उरलेली वाट आणि उद्याची एक सकाळ, एवढंच तिच्या हातात होतं, आणि त्यात माझ्याशी बोलत बसायला तिच्याकडे वेळ नव्हता.

मी बसूनच राहिले. ती वळणापलीकडे गेली आणि दिसेनाशी झाली. माझ्या मागे कोणी नव्हतं आणि पुढेही कोणी दिसत नव्हतं. तेवढ्यात शेताकडे निघालेल्या दोन बायका आल्या, डोक्यावर टोपली. एक थांबली.

“रत्नाबाईची पावणी ना वो तू? एकटीच काहून बसली? सून कुठं गेली तिची?”

ही बाई घरी जाऊन सांगणार, हे तिच्या तोंडावरच लिहिलं होतं. पाहुणी एकटी बसली होती आणि सून भलतीकडेच पळत होती, असं रत्नाबाईंच्या कानावर गेलं असतं तर उद्याची सकाळ गेली असती.

“एकटी नाही मावशी,” मी म्हणाले, “दोघी हावोत,” आणि उठून खुशबूच्या मागे जिवाच्या आकांतानं धावायला लागले.